कळकाचं बेट

माझ्या नवऱ्याची बदली बेटावर झाली तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "कसल्या बेटात? कळकाच्या?"

कुडपणच्या बाजूला, आमच्या वाडीत, बेट म्हणजे बांबूचं. घराखालच्या उतारावर कळकाची दाटी आहे, ते बेट. चारी बाजूंनी समुद्र असलेली जमीन त्यांनी कधी पाहिली नव्हती. मुलगा हवाई दलात आहे म्हणजे विमान चालवतो, ही त्यांची समजूत दूर करता करता आम्ही दोघं थकलो होतो. तो जमिनीवरच असतो, हवामानाच्या नोंदी घेतो, असं मी एकदा नीट सांगितलं. त्यावर "ढग बगायला सरकार पगार देतं?" म्हणून पदर तोंडाला लावून हसत बसल्या. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली, मला त्यांच्या बोलण्याची भारी मजा वाटायची. नवरा मात्र समजावत राहिला, "आये, समुद्रातलं बेट गो." "बरं, बरं. सापबिप बगून ऱ्हा," त्या म्हणाल्या.

बेटावर आमचं सगळं जगणं धावपट्टीच्या भरवशावर होतं. तिथला मुख्य रस्ताच धावपट्टी ओलांडून जायचा. भोंगा वाजला की फाटक बंद. मग क्वार्टरमधल्या आम्ही बायका, शाळेचे मास्तर, बेटावरची माणसं, त्यांची डुकरं, सगळे ताटकळत उभे. ओळखी तिथेच व्हायच्या आणि भांडणंही. विमानातून कांदे-बटाटे, औषधं आणि सुट्टीवरून परतलेली माणसं यायची. ढग खाली उतरले की काहीच यायचं नाही, मग ज्याच्या घरी कांदा शिल्लक त्याच्या दारात सगळी कॉलनी. शेजारची पंजाबीण माझ्याकडून आमसुलं न्यायची आणि ती कशात घालायची ते दर वेळी नव्याने विचारायची. सासूबाईंच्या कळकाच्या बेटाची गोष्ट मी त्या फाटकावर चांगली रंगवून सांगितली होती. लोक पोट धरून हसले.

बेटावरचा एक म्हातारा तेवढा हसला नाही. तो शहाळी विकायला यायचा. धावपट्टीकडे हात करून तो म्हणायचा, तिथे आमची माडाची बाग आहे. होती नाही म्हणायचा, आहे म्हणायचा. त्याच्या बापाच्या काळी, लढाईच्या दिवसांत, परकं सैन्य आलं, माड तोडले आणि बेटावरच्या लोकांकडूनच दगड वाहून घेऊन पहिली पट्टी केली. पुढे ती आपल्याकडे आली, लांब झाली, डांबरी झाली. पण जुनी माणसं अजून तिचे तुकडे घराण्यांच्या नावांनी ओळखत. ते ऐकल्यावर मला आमच्या क्वार्टरच्या अंगणात तुळस लावतानाही कसंसंच झालं. कुणाच्या बागेत आपण संसार मांडलाय, असं वाटत राहिलं.

मग सासूबाईंचं बिनसायला लागलं. सासरे मागेच गेलेले, वाडीत त्यांना सांभाळायला माझी चुलत जाऊ होती. आधी चूल विसरल्या, मग माणसांची नावं. फोनवर मुलाचा आवाज मात्र लगेच ओळखायच्या. एके दिवशी रेंज मिळते त्या वळणावर येऊन जाऊबाईंनी फोन केला.

"आये आज परत बेटात जाऊन बसली गो. भाकर बांधून नेलान. म्हनते, पोरगा बेटात हाय, उपाशी आसंल."

हसून हसून सांगितलेली ती गोष्ट मी पुन्हा कधी सांगितली नाही. शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही ते ऐकू गेलं, तो बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला आता एकच ध्यास लागला, आई ओळखते आहे तोवर तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं. सुट्टी लगेच मंजूर झाली. पिशव्या भरल्या. आणि ढग उतरले.

विमान येईपर्यंत तो कामावर जात होता. ढग किती खाली आहेत, किती लांबचं दिसतं, हे तोच मोजून कळवायचा आणि त्याच्यासारख्यांच्या सांगण्यावरून विमान निघायचं किंवा राहायचं. रोज सकाळी जाऊन तो स्वतःच्याच वाटेत धोंडा ठेवून यायचा म्हणा ना. जाऊबाईंचा पुन्हा फोन आला. सासूबाई बेटातल्या उतारावरून घसरल्या, डोक्याला लागलं, महाडला दवाखान्यात नेलंय.

"एक दिवस ढग वर आहेत म्हण," मी त्याला म्हणाले.

"विमानात माणसं असतात."

"मग तुझी आई कोण आहे?"

तो टोपी घालून कामावर गेला. तो बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं. माझा राग खोटा होता असं मात्र मी आजही म्हणणार नाही.

शेवटी ढग उठले, विमान आलं. आम्ही महाडला पोचलो तेव्हा सासूबाई खाटेवर बसून पेज पीत होत्या. डोक्याला पट्टी. नवरा समोर उभा राहिला. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पदर सावरला. परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"मी आलो, आये."

"तुमी तिकडचं काय? माजा पोरगा बेटात हाय. त्याला बगितलात?"

नोकरीची मुदत संपली, नवऱ्याने ती वाढवून घेतली नाही. आता आम्ही वाडीतच असतो. बेटावर विमानाची वाट बघत होतो तेव्हा ज्या घरी पोचायचं म्हणून जीव टांगणीला लागला होता, त्याच घरात तो परका होऊन राहतो. सुरुवातीला तो हट्टाने सांगायचा, आये, मीच तो. त्या घाबरायच्या, रडायच्या, जेवण टाकायच्या. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. त्यामुळे आता सकाळी त्या त्याच्या हातात भाकरी देतात आणि तो मागच्या दाराने कळकाच्या बेटापर्यंत जाऊन येतो.

"भेटला?"

"भेटला."

"जेवला?"

"जेवला, आये."

एवढं झालं की त्या स्वतः जेवायला बसतात. मी ताट वाढते आणि चुलीकडे तोंड करून उभी राहते, कारण नवऱ्याकडे बघवत नाही.

परवा त्या घास हातात धरून थांबल्या. "मंग घरी येत का नाय रे तो?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. नवरा गडबडला. मग म्हणाला, "विमान नाय आलं, आये."

त्यांना ते पटलं. मान हलवली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

"तुजी पन आय वाट बगत आसंल," त्या म्हणाल्या. "तू तरी जा रे घरी."