सुनेसाठी केलेली सही

आमच्या बँकेत पुणतांब्याहून एक बाई आल्या. हातांना गोठ्याचा वास, सोबत नर्सिंगला प्रवेश मिळालेली सून. सुनेनं आधी कधी कर्जच घेतलेलं नव्हतं, त्यामुळे फेडल्याची नोंदही नव्हती, म्हणून तिला एकटीला शिक्षणकर्ज मिळेना. सहकर्जदार हवा होता. बाईंनी म्हशींचं कर्ज वेळेवर फेडलं होतं, त्यामुळे त्यांची सही चालणार होती.

मी कागद पुढे सरकवला. त्यांनी तो परत सरकवला.

"सही केली म्हंजी काय हुतं, ते आदी सांगा."

"सुनेनं हप्ते नाही भरले, तर सगळे तुम्हाला भरावे लागतील."

"आन ती उद्या आमाला सोडून गेली तरी?"

"तरीही."

सुनेची मान खाली गेली. बाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

"म्हशींनी माजं नाव केलं, सायेब. ते हिच्या कामाला न्हाई आलं तर काय उपेग?"

न वाचता केलेल्या सह्या मी रोज बघतो. सगळा धोका समजून घेऊन इतक्या ठामपणे केलेली सही पहिल्यांदाच पाहिली.

कर्ज मंजूर झाल्याचं मीच फोनवर कळवलं. मला उत्तर द्यायचं सोडून बाई तिकडे ओरडल्या, "आगं ए, झालं! बॅग भर!"