सागवानी पांगुळगाडा

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेली नाही. बायकोच्याही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही म्हणतात. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. पण आधी थोडी बढाई मारू द्या. त्याशिवाय मला बोलताच येत नाही.

आमच्या घरी एक पांगुळगाडा आहे. अस्सल सागवानी. ऐंशी सालानंतरचा, पण चाकं अजून डुगडुगत नाहीत. माझ्या हातचा आहे तो. दिवाळी झाल्यावर मी आलापल्लीकडच्या जंगलात लाकूडकटाईला गेलो, तेव्हा माझी सुमन बसवली की कलंडायची, एवढीशी. दिवसभर करवत ओढायची आणि संध्याकाळी, मागून घेतलेल्या तुकड्यांतून, तिच्यासाठी गाडा करायचा. काचेच्या तुकड्यानं दांडा इतका घासला की गालाला लावला तरी खुपू नये. सोबतचे चिडवायचे — पोरगी सासरी जाईल तरी तुझा गाडा व्हायचा नाही! चिडवू देत. मला सगळं दिसत होतं. मी घरी जाणार, तिला गाड्याशी उभी करणार आणि माझी पोरगी अख्ख्या मोहल्ल्यासमोर चालणार.

होळीच्या तोंडावर धानोऱ्याला एसटीतून उतरलो. गाडा खांद्यावर. भर दुपार. बायको मोहफुलं वेचायला गेलेली. पोरीजवळ बाई होती — माझी मोठी बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी परत पाठवली, तेव्हापासून आमच्यातच राहायची.

कुंपणापाशी मी थबकलो. अंगणात बाईनं खुंट्या रोवून दोन आडवे बांबू बांधले होते, पोरीच्या छातीइतक्या उंचीवर. पोरगी त्यांना धरून उभी. केवढी झाली होती! दात आले होते, केस मानेवर रुळत होते. आणि पाऊल टाकण्याआधी खाली बघत होती — हे शहाणपण कुठून आलं तिच्यात? समोर बाई उकिडवी बसलेली, हात पसरून. पोरीनं बांबू सोडला. ओठ घट्ट मिटून, डुलत, कशालाही न धरता चालली — थेट बाईच्या कुशीत. बाईनं तिला उचललं आणि हसता हसता रडायला लागली.

माझी छाती फुगली हो! माझी पोरगी! आणि लगेच मनात आलं — मग हा गाडा कशाला आणला मी?

मी मागे फिरलो. हो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मग खोकत, हाका मारत, नव्यानं आलो. बाई धावतच पुढे आली.

"शामा, पोरगी चालली रे! आत्ताच! मीच पाह्यलं, दुसऱ्या कोणीच नाई!"

मी काय म्हणालो असेन?

"टेकून उभी राह्यली असंल, बाई. तुले वाटलं."

बाई नुसती बांबूंकडे पाहत राहिली. तिला स्वतःच्या डोळ्यांवर शंका यावी, असंच मला हवं होतं — हे आज म्हणतो. तेव्हा स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी बायको आली, शेजारीपाजारी जमले. मी पोरीला गाड्याशी उभी केली. खडखडत अंगणभर फिरली. मग मी गाडा हळूच काढून घेतला — आणि ती चालली. चालणारच होती, मला ठाऊक होतं ना! गाड्यानं चालवली पोरगी, लोक म्हणाले. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी मिशीला पीळ दिला. बाई दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी ते बांबू सोडायला घेतले.

"काऊन काढून राह्यला रे?"

"आता कायले पाह्यजे? गाडा आहे ना."

ते बांबू तिनंच उचलले, तोडून चुलीत सारले आणि त्यावर भात शिजवला. तो भात मी पोटभर जेवलो.

पुढे सुमन शाळेत धावायला लागली, तालुक्यात पहिली आली. बक्षीस घेताना तिनं गाड्याचा किस्सा सांगितला — माझ्याकडूनच ऐकलेला. बाई गर्दीत टाळ्या वाजवत होती. मी तर हवेतच होतो. सुमनच्या लग्नातही पाहुण्यांना गाडा दाखवला. किती वेळा सांगितलं असेल मी ते? आणि दरवेळी बाई तिथेच कुठेतरी असायची.

शेवटी बाईचे पाय गेले. सुमन माहेरी आली की बाईचे दोन्ही हात धरून, स्वतः उलटी मागे सरकत, तिला चालवायची. त्याच अंगणात. एकदा गमतीनं म्हणाली, "आत्या, बाबाचा गाडा आणू का? मले त्यानंच चालवलं ना?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवर बसलो होतो, हाताच्या अंतरावर.

"हो माय," ती म्हणाली. "त्यानंच चालवलं."

तेव्हा बोलता आलं असतं. समोर दोघीच होत्या, आणि दोघी माझ्याच. पण मी सुमनकडे बघत होतो — आत्याला किती जपून धरलंय, किती गुणाची निघाली माझी पोरगी — आणि मला अभिमान वाटत होता. त्या वेळीसुद्धा.

बाई आता नाही. गाडा आहे, नातवासाठी परवाच त्याच्या चाकांना तेल घातलं. सुमन पहिल्यांदा चालली ती बाईकडे चालली. मी कुंपणाआडून पाहिलं होतं.