राहून गेलेली भैरवी

विक्रोळीच्या आमच्या चाळीत दर गुरुवारी भजन होत असे. त्याची सांगता भैरवीने होई आणि ती माझा मित्रच म्हणे. भैरवीनंतर काही गायचे नाही, प्रसाद घेऊन उठायचे, असा मंडळाचा नियम होता.

गिरण्या बंद पडल्या त्या सुमारास त्याचा छातीचा विकार बळावला. त्याला बसवेनासे झाले, तेव्हा आम्ही भजनच त्याच्या खाटेभोवती नेले. एका गुरुवारी दिवेलागण झाली, सर्वांचे घसे बसले, म्हणून मी पेटीवर भैरवीचे सूर धरले. त्याने हात उचलून मला थांबवले.

"भैरवी नको रे. ती म्हटली की उठूक लागता. अजून एक म्हणा."

मृदंगवाला म्हणाला, "चाय गावल्याशिवाय कोण उठता?"

"मगे तेंका चाय देव नको गो!" त्याने आत पत्नीला बजावले. सगळे हसले. ती मात्र तोंडाला पदर लावून स्टोव्हकडे वळली.

आम्ही आणखी पुष्कळ अभंग म्हटले. डोळे मिटून तो ओठ हलवीत राहिला. अखेर त्याला झोप लागली आणि आम्ही भैरवी न म्हणताच उठलो. त्या झोपेतून तो जागा झाला नाही.

आत्मा अविनाशी आहे, हे मी पाठशाळेत शिकलो आणि त्यावर माझी श्रद्धा आहे. तरीही आता देवळातल्या भजनाला बसलो असताना ती भैरवी सुरू होऊन लोक उठू लागले की माझ्याने उठवत नाही. मी बसून राहतो आणि मनातल्या मनात आणखी एक अभंग धरतो.