शुक्रवारची खरखर

मिठबावच्या एसटी स्टँडवर आई मला पोचवायला आली ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊनच. बाजार चुकवणं तिला परवडणारं नव्हतं, आणि मुलगा मस्कतला निघाला म्हणून बांगडे थोडेच थांबतात. कणकवलीची गाडी आली तरी तिने पाटी उतरवली नाही, कारण पुन्हा चढवायला दुसरा माणूस लागतो. मी वाकून पाया पडलो. तिला मात्र मला जवळ घेता आलं नाही. "पोचलस काय फोन कर," एवढंच म्हणाली. "तुझो आवाज आयकलो काय माका बरा वाटता."

तुम्ही जे गावात राहिलात, त्या तुम्हाला वाटायचं आम्ही इकडे रियाल मोजत बसलोय. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ठाऊक आहे की आम्ही मिनिटं मोजत होतो. टेलिफोनचं कार्ड घेतलं तर आवाज शेजारच्या पडवीतून आल्यासारखा यायचा, पण दोघांचं जेवणखाण विचारून होईतो कार्ड संपलेलं असायचं. दुसरा मार्ग होता मस्कतच्या रुवी भागातल्या एका नेट कॅफेची मागची खोली. कानाला हेडफोन लावायचा आणि कॉम्प्युटरवरून घरचा नंबर फिरवायचा. अशा फोनला तेव्हा बंदी होती, हे चोरून चालायचं, म्हणून आत शिरताना सगळे कसे संभावित चेहरे करून शिरत. कार्डाच्या पैशात इथे अर्धी संध्याकाळ बोलता यायचं. बोलता यायचं म्हणजे खरखर ऐकता यायची. आपलाच आवाज फिरून आपल्या कानात यायचा. "जेवलीस?" म्हणून विचारावं तर उत्तर यावं, "ताप आसा तिका," कारण ते आधी विचारलेल्या बहिणीच्या खबरीचं असायचं.

माझ्या खोलीत रेडीचा कायतान होता, आखातात मुरलेला. त्याने आल्या आल्या मला शहाणं केलं. "गजाली नेटार मार," तो म्हणाला. "कार्ड मरणाक ठेव." आमच्या खोलीचा तोच रिवाज होता. गप्पांना नेट, आणि प्रत्येकाच्या उशाखाली एक कोरं कार्ड. त्याला कुणी उगाच हात लावत नसे.

आईचा आवाज बाजारात कमावलेला. दर शुक्रवारी ती खरखरीच्या वरून ओरडायची, आणि शेजारी म्हणायचे, हिला फोन कशाला हवा, दारात उभी राहिली तरी मस्कतात ऐकू जाईल. त्या ओरडण्यावर मी पुढचा आठवडा काढायचो. पहिली दोन वर्षं मी कार्ड दोनदाच वापरलं. एकदा मशीनमध्ये हात सापडला तेव्हा, आणि एकदा खोलीतला आमच्याच गावचा एकजण झोपेत गेला, त्याच्या घरी तिने जाऊन सांगावं म्हणून.

तिसऱ्यांदा वापरलं ते हौसेने. गणपतीचे दिवस होते, पगार वाढला होता, म्हटलं आज आईशी नीट बोलू. तिने माझा "हॅलो" ऐकला मात्र.

"तुझो आवाज साफ येता," ती म्हणाली. "कोण गेलो रे?"

"कोण नाय गेलो गो. गणपती आसत म्हणान केलंय."

"खोटा सांगा नको."

कार्ड संपेपर्यंत मी तिची समजूत घालत होतो. सणासुदीचं ती त्या दिवशी जेवली नाही, असं मागाहून कळलं. पुढच्या शुक्रवारी नेटवरून बोललो तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. "तुझो ह्यो खरखरो फोनच बरो," ती म्हणाली.

आणखी दोन वर्षांनी मंदाचा, माझ्या त्याच बहिणीचा, सासरहून मिस्ड कॉल आला. मी कार्डावरून उलट फोन लावला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं होतं. आता करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. "तिका आमी कायएक सांगूक नाय," मंदा म्हणाली. "पोटात सूज आसा, इतक्याच तिका म्हायत. दादा, तू कार्डार फोन करू नको. तुझो आवाज साफ इलो तर ती समजतली."

पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. बदली माणूस आल्याशिवाय साहेब सोडायला तयार नव्हता. कायतानने स्वतःच्या उशाखालचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी ते परत केलं आणि शुक्रवारी नेट कॅफेत गेलो. स्वस्त पडतं म्हणून नव्हे. त्या फोनवरून बोललं की माझं सगळं बरं असतं, अशी तिची खात्री होती.

पण आता तिचा आवाज खरखरीला पुरा पडत नव्हता. शब्द अर्ध्यात बुडायचे. मी "काय? काय?" करत राहायचो. शेवटच्या शुक्रवारी ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. मला त्यातलं "तुका" आणि "घर" एवढंच ऐकू आलं. "परत सांग गो आये," मी म्हटलं, तोवर लाइन तुटली. पुन्हा लावली तर आईपाशी राहायला आलेल्या मंदाने फोन उचलला. आई दमून झोपली होती.

पुढच्या वेळी मंदाने मिस्ड कॉल दिला नाही. मी उचलीपर्यंत रिंग वाजू दिली. मी काय ते समजलो.

महिन्याभराने गावी पोचलो तेव्हा मंदाला पहिलं विचारलं, आई त्या दिवशी काय सांगत होती. मंदा चुलीपाशी होती, तिने ऐकलं नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की फोन झाल्यावर आई तिला म्हणाली, "आजव खरखर होती. म्हणजे झील बरो आसा." मुलगा बरा आहे असं समजूनच ती गेली, आम्हाला हवं होतं तेच झालं. मला त्याचं समाधान वाटायला हवं, पण वाटत नाही. जन्मभर वाटणार नाही.

मी परत मस्कतात आलो. आता इथे मोबाइलवरून कुणाचाही आवाज साफ येतो, आणि तो आला की मी आधी विचारतो, कोण गेलं? गावचं घर बंद आहे. मंदा म्हणते, तिथला फोन काढून टाकू, उगाच भाडं कशाला भरायचं. मी भरतो. घर म्हणायला मला आता तेवढाच नंबर राहिलाय. एखाद्या शुक्रवारी तो फिरवतो. कुणी उचलत नाही. रिंग मात्र अगदी साफ ऐकू येते.