स्वतःचं उदाहरण

“पुस्तकातलं नक्को! स्वतःचं सांगा,” असं म्हणत मॅडम खडूने टेबलावर टकटक करायच्या. बरकतपुऱ्यातल्या आमच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये ही त्यांची पद्धत होती. फळ्यावर क्रियापद लिहायचं आणि प्रत्येकाने त्यावर आपल्या आयुष्यातलं एक खरं वाक्य बोलायचं. शेवटी त्या स्वतःचं सांगायच्या.

मी देगलूरची. आठवीत शाळा सुटली, आता कोठी भागातल्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. ‘गिव्ह अप’ला, म्हणजे सोडून देण्याला, माझी पाळी आली. “मी शाळा गिव्ह अप केली,” एवढंच बोलले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम गर्रकन वळल्या. “हसतोस काय रे? तू इथे एकदा तरी खरं बोललास का?” तुम्हीच सांगा, माझ्यासाठी असं कोण बोललं होतं आजवर?

एकदा फळ्यावर ‘कम आउट’ आलं. मॅडमनी अर्थ सांगितला: आपण कोण आहोत, आपल्याला कोण आवडतं, हे लपवणं सोडून सांगून टाकणं. पुण्याहून आलेल्या एका वहिनींनी छेडलं, “मग तुमचं काय, मॅडम?”

“आय केम आउट टु माय ब्रदर,” मॅडम म्हणाल्या. मग मराठीत म्हणाल्या, “मला बायका आवडतात, हे भावाला सांगितलं. तो अजून बोलत नाही माझ्याशी.”

दुसऱ्या दिवशी क्लासचे मालक इंग्रजीत लिहिलेला कागद घेऊन आले. या बाई घाण शिकवतात, यांना काढा. सगळ्यात वर सही वहिनींची. विचारलं कुणी होतं? त्यांनीच! त्यांच्या त्या नीटनेटक्या सहीचा मला अजून संताप येतो.

“तू पण कर गं,” मालक मला म्हणाले. “वरच्या खोलीत राहायचंय ना?” मी त्यांचीच भाडेकरू. कळलं नाही म्हणायचीही सोय नव्हती. मॅडमच्या कृपेने सगळा कागद मला वाचता आला. वाचला आणि सही केली. थू माझ्या जिण्यावर.

मॅडम पुस्तकं न्यायला आल्या तेव्हा कागद टेबलावरच होता. त्यांनी एकेका नावावरून बोट फिरवलं. माझ्या नावाशी थांबल्या. शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते.

“हौ, सही इंग्रजीत केलीस,” एवढंच म्हणाल्या, आणि पिशवी उचलून जिना उतरायला लागल्या.

मालक बघत होते. मी हाकसुद्धा मारली नाही.