नाहीतर

बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्यांचा मला राग येतो. एका बाईंचा मात्र कधी आला नाही. बंगळुरात बोम्मसंद्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्या रोज माझ्या शेजारी बसायच्या. निपाणीच्या आहेत एवढंच मला ठाऊक होतं. नाव कधी विचारलं नाही.

ऑफिसनं त्यांना फंक्शनल प्रोग्रॅमिंगची नवी भाषा शिकायला लावली होती, आणि त्यांची चूक रोज तीच. 'इफ' म्हणजे 'जर' लिहायच्या, त्यापुढचं 'देन' म्हणजे 'तर' लिहायच्या आणि थांबायच्या. खाली लगेच लाल रेघ उमटायची.

"जुन्या भाषेत 'एल्स' नसला तरी भागायचं," एकदा त्या मला म्हणाल्या. "हिला 'नाहीतर काय' ते आधीच सांगावं लागतं. स्वल्प निर्दयीच आहे हो." 'स्वल्प' हे त्यांचं कानडी 'जरा'.

त्यांचा नवरा बरेच दिवस हॉस्पिटलात होता. बसमध्ये आईचा फोन यायचा आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "ह्यांचा रिपोर्ट चांगला आला, तर दिवाळीला तिघं येऊ." पुढे काही नाही.

परवा बस सिग्नलला थांबली असताना फोन आला. "चांगला आला, तर तिघं येऊ, आई." त्या थांबल्या. अंगठ्यानं स्क्रीनवरची धूळ पुसत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "नाहीतर... मी आणि पोरगी येऊ."

त्यांनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. मांडीवर लॅपटॉप उघडा होता आणि लाल रेघ अजून तिथंच होती.