एक टिचकी म्हणजे हो

माझ्या तोंडाला आमच्या सोसायटीतली माणसं वचकून असतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. चंदनसारला आमची सात मजली इमारत आहे आणि गेली सहा वर्षं मी तिची सेक्रेटरी आहे. त्याआधी तीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसले. म्हणजे जन्मभर आवाजाचंच खाल्लं. मागच्या वर्षी घशात, आवाजाच्या पडद्यावर गाठ निघाली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, वापर जरा जास्तच झाला." त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

गाठ साधीच होती. ती काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस एक शब्द नाही, कुजबुजणंसुद्धा नाही. जखम ओली आहे, जोरात ओरडलात तर आवाज कायमचा जाऊ शकतो. मग मी नातीची पाटी घेतली आणि खडूवर कारभार चालू केला. नात साडेतीन वर्षांची, तिला वाचता येत नाही. ती पाटीवरच्या अक्षरांकडे बघून आपल्या मनाने काहीतरी वाचायची आणि माझ्याकडून मान हलवून घ्यायची.

मुलगा आणि सून दोघं सकाळी मुंबईला कामाला जातात. संध्याकाळपर्यंत नात आणि मी. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी सुनेने माझा फोन घेतला आणि त्यात एक मेसेज तयार करून ठेवला. मी बोलू शकत नाही, मला मदत हवी आहे, आणि खाली आमचा अख्खा पत्ता, खुणेसकट. म्हणाली, "आई, काही झालं तर फोन लावून करणार काय तुम्ही? इमर्जन्सीच्या नंबरावर मेसेजही जातो. नुसतं पाठवायचं, बस."

मला राग आला. खरं सांगायचं तर अपमान वाटला. मी पाटीवर लिहिलं, 'मी मुकी नाही.' तिने ते वाचलं आणि डबा घेऊन निघून गेली. ती गेल्यावर मी तो मेसेज पुसून टाकला.

आता लिफ्टबद्दल सांगायला हवं. आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीचे दरवाजे हाताने ओढायचे. सुट्टीत पोरं दुपारभर तिच्यात वरखाली करत बसायची आणि कुणाचा डोळा लागत नव्हता, म्हणून मीच सभेत ठराव मांडला की दोन ते चार लिफ्ट बंद. दोन ते चार ठोकाठोकही बंद. वॉचमनमामांनी बरोबर दोनला मीटररूममधला खटका खाली करायचा. करण्याआधी लिफ्टच्या तळाशी उभं राहून तीन वेळा हाक मारायची, आत कुणी आहे का म्हणून. कुणी ओ दिली तर थांबायचं, नाही दिली तर बंद. हा हाकेचा नियमही माझाच.

मामा इथल्याच एका जुन्या गावातले, वयाने माझ्याहून मोठे. त्यांच्यावर विश्वास होता, पण मला खात्री करायची खोड. रोज दोन वाजता मी त्यांना फोन करायचे, "बंद केलीत का, मामा?" ऑपरेशननंतर विचारता येईना तर नुसता फोन लावायचे. ते म्हणायचे, "बंद केली, मॅडम," आणि ठेवून द्यायचे. न बोलताही काम होतं याचं मला तेव्हा फार कौतुक वाटत होतं.

सहाव्या दिवशी, दोनला पाच-सात मिनिटं कमी असताना कुरिअरवाल्याचा फोन आला. नातीचा रेनकोट आला होता. "मॅडम, गेटवर आलोय, बिल्डिंग कुठली? हॅलो? हॅलो?" मी काय सांगणार? त्याने फोन ठेवला, पुन्हा केला, पुन्हा ठेवला. तो परत जाईल म्हणून मीच खाली जायचं ठरवलं. नात हॉलमध्ये गादीवर गाढ झोपली होती. उठल्या उठल्या तिला दूध लागतं, म्हणून गॅसवर बारीक आचेवर दूध ठेवलेलं होतं. दोन मिनिटांचा तर प्रश्न. मी बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि चष्माही न घेता खाली गेले.

रेनकोट घेऊन येताना लिफ्टमध्ये शिरले. दुसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये फरशा कापायचं मशीन ओरडत होतं, दोन वाजायच्या आत उरकायची घाई. चौथा मजला ओलांडला आणि खालून हाक आली.

"लिफ्टमदी कोन हाय का?"

माझ्या ओठांवर ओ आली होती. पण डॉक्टरांचे शब्द आठवले आणि मी तोंड मिटलं. त्याऐवजी जाळीवर हात आपटले. खाली मशीन किंचाळत होतं. दुसरी हाक आली, तिसरी आली. मी दोन्ही हातांनी जाळी बडवत होते. मग दिवा गेला, पंखा गेला आणि लिफ्ट गचका देऊन थांबली.

त्याच मिनिटाला फरशीचं मशीनही थांबलं. दोन वाजले होते, माझा नियम सगळे पाळत होते.

समोर भिंत होती. वर, माझ्या डोक्याच्या उंचीला, वीतभर फट होती आणि तिच्यातून पाचव्या मजल्याची जमीन दिसत होती. आमचाच मजला. आमच्या दारातल्या चपला दिसत होत्या, नातीच्या लाल सँडलसकट. फटीतून मांजर गेलं असतं, मी नाही. मजल्यावरच्या बाकीच्या दोन्ही घरांना दिवसा कुलूप असतं. लिफ्टमधली धोक्याची घंटा दाबली तर ती वाजलीच नाही. तिची बॅटरी संपल्याची तक्रार आली होती आणि पुढच्या सभेत बघू असं मीच म्हटलं होतं.

मी मामांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. "बंद केली, मॅडम. दोनला बरोब्बर." आणि ठेवला. मी पुन्हा लावला. "केली, केली, मॅडम. आता जेवतो जरा." तिसऱ्यांदा लावला तर घंटा वाजत राहिली. साध्या बटणांचा फोन त्यांचा, मेसेज ते कधी उघडत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना लावला. भर दुपारी माझं नाव दिसल्यावर कोण उचलणार? मुलाला आणि सुनेला मेसेज टाकले, इमारतीच्या त्या मधल्या भागात नेट नाही म्हणून साधे मेसेज. मुलाने तो वाचला तेव्हा साडेचार वाजून गेले होते, आणि सुनेला कामावर फोन जवळ ठेवता येत नाही.

मी पुन्हा जाळी बडवायला लागले. पायातली चप्पल काढून तिने बडवली. वरून का खालून कोण जाणे, एका बाईचा आवाज आला, "अहो, दुपारची वेळ आहे. ठोकाठोक बंद करा, नाहीतर सेक्रेटरीला सांगीन."

दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते. पण त्याच वेळी मला दुधाचा वास आला. करपायला लागलेल्या दुधाचा. दूध उतू जाऊन गॅस विझला तर काय, आणि नाही विझला तर काय, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि मग नात उठली.

"आजी," दाराआडून हाक आली. मग थोडं थांबून, "आजी, कुठेयस?"

मी चप्पल जाळीवर मारली, मी इथे आहे हे कळावं म्हणून. ती घाबरली. बंद घराबाहेर कुणीतरी ठोकतंय एवढंच तिला कळलं असणार. ती रडायला लागली. मी पुन्हा मारली तर ती आणखी मोठ्याने रडली. म्हणून मी तेही बंद केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मला त्या दिवशी कळला.

मग मी डॉक्टरांना गुंडाळून ठेवलं आणि ओरडले. सगळा जीव एकवटून 'ओ' म्हटलं. तोंडातून नुसती हवा आली. घशात कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, आवाज काही निघाला नाही. मघाशी खालून हाक आली तेव्हाच का नाही हे केलं, हा विचार तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. तेव्हा कदाचित निघाला असता.

इमर्जन्सीचा तो तीन आकडी नंबर तोंडपाठ होता. त्याला फोन करण्यात अर्थ नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? बोर्डावर असे मुके फोन रोज यायचे. मी तीनदा हॅलो म्हणायचे आणि तोडायचे. तीस वर्षांत किती तोडले असतील. त्यांतल्या एकाचं तरी तोंड असं दाबलेलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

सुनेने लिहून ठेवलेला मेसेज पुसलेला. अंधार, चष्मा नाही. बोटांच्या अंदाजाने मी लिहायला लागले. आधी ठिकाण, मग अडचण, ही बोर्डावरची शिस्त. चंदनसार, विरार पूर्व. इमारतीचं नाव. आमच्या भागात त्या नावाच्या तीन इमारती आहेत, म्हणून पाण्याच्या टाकीसमोरची. पाचव्या मजल्याखाली लिफ्टमध्ये अडकले. घरात लहान नात एकटी, कुलूप आहे, गॅस चालू. मी बोलू शकत नाही. प्रत्येक शब्दाला वरून हाक येत होती आणि मी खाली मान घालून अक्षरं शोधत होते. मेसेज गेला. मग काहीच झालं नाही. घड्याळाप्रमाणे तीन-चार मिनिटं झाली असतील, पण मी तेवढ्यात तिला दहा वेळा मेलेली पाहिली. हे लिहू नये, पण तसंच झालं.

फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला.

"तुमचा मेसेज मिळाला," एक मुलगी म्हणाली. "तुम्हाला बोलता येत नाही, हे मला समजलंय. फोन ठेवू नका. मी विचारते, तुम्ही फोनवर नखाने टिचकी मारा. हो असेल तर एक, नाही असेल तर दोन. कळलं?"

मी एक टिचकी मारली.

तिचा आवाज चांगला होता. शब्दाचं शेवटचं अक्षर खात नव्हती आणि घाई करत नव्हती. मी तिला बोर्डावर लगेच घेतलं असतं.

"लिफ्ट बिघडलीय?" दोन टिचक्या. "लाईट गेलीय?" मी थांबले, मग दोन. "कुणी बंद केलीय?" एक. "वॉचमनने?" एक. "त्याला माहीत नाही तुम्ही आत आहात?" एक. तेवढ्यात वरून नातीचं रडणं फोनमध्ये गेलं असावं. "तीच का?" एक. "ती रडतेय म्हणजे ठीक आहे, मावशी. रडू दे तिला. गाडी फुलपाड्याच्या बाजूने निघालीय. तोवर मला वॉचमनचा नंबर मेसेज करा, मी बोलते त्याच्याशी."

मी नंबर पाठवला. अनोळखी नंबर म्हणून असेल, मामांनी फोन उचलला. मिनिटभरात खालून धावत्या पायांचा आवाज आला, दिवा लागला आणि लिफ्ट वर सरकली. एवढंच तर हवं होतं. कुणीतरी माझ्या वतीने एक वाक्य बोलायला.

कुलपात किल्ली दोनदा चुकली. दार उघडलं तर घर धुराने भरलेलं, पातेलं काळं ठिक्कर, त्याखाली आच अजून जळत होती. नात दाराला टेकून बसली होती, नाकातोंडाला शेंबूड. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिला उचललं. मामा धापा टाकत जिन्याने वर आले. "मी तीनदा हाक मारली, मॅडम," ते म्हणाले. "कोनी ओ नाय दिली." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पाठोपाठ दोन पोलीस आले, त्यातल्या बाईंनी नातीला पाणी पाजलं आणि दोघं सगळं बघून गेले.

ते गेल्यावर नातीने माझं तोंड आपल्याकडे वळवलं. मग म्हणाली, "मी किती हाका मारल्या. तू ओ नाही दिलीस."

सून संध्याकाळी आली. सगळं ऐकलं, काळं पातेलं बघितलं. मी पाटीवर 'चुकले' लिहिलं. तिने ते पुसलं, माझा फोन घेतला आणि तो मेसेज पुन्हा लिहून ठेवला. आता मामा हाक मारून थांबत नाहीत, लिफ्ट खाली आणून, आत डोकावूनच खटका खाली करतात. घंटेची बॅटरी दुसऱ्याच दिवशी बदलली.

उरलेले नऊ दिवस नातीने मला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले की हॉलमधून हाक यायची. मग मी तिला शिकवलं. तिने हाक मारायची, मी ओट्यावर बोटाने एकदा वाजवायचं. एक टिचकी म्हणजे हो, आजी आहे.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी बोलायला सांगितलं. आवाज आला. अर्धाच आला, घोगरा, काठावर फाटलेला. बाकीचा येईल असं ते म्हणाले होते, अजून आलेला नाही. घरी आल्यावर मी पोळ्या करायला घेतल्या आणि हॉलमधून नेहमीची हाक आली. मी म्हटलं, "ओ."

ती दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं.

"तसं नाही," ती म्हणाली. "वाजव."

मी पिठाच्या बोटाने ओट्यावर एकदा वाजवलं. मग ती खेळायला गेली.